चौदा गाठींचा दोरा

माझ्या दुकानात टेबलावर पृथ्वीचा एक गोल आहे आणि त्याच्या बुडाला गुंडाळलेला एक लाल दोरा. गोल मी नडियादला एका शाळेच्या भंगारातून उचलला. त्यावर आफ्रिकेतले निम्मे देश अजून जुन्या नावांनी नांदतायत. दोरा माझ्या बायकोच्या शिवणाच्या डब्यातला. मी विमानाची तिकिटं विकणारा माणूस, हल्ली सगळं संगणकावर दिसतं हे मलाही कळतं. पण गुजरातेतल्या आमच्या चरोतरात घरटी एक माणूस परदेशी, आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना पडद्यावरचे आकडे पटत नाहीत. "किती लांब, इंदुभाई? किती तास?" हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय एकही म्हातारी माझ्या पायरीवरून उतरत नाही.

म्हणून मी दोऱ्याला गाठी मारल्या. एक गाठ म्हणजे विमानाचा एक तास. नैरोबी सहा गाठी, लंडन नऊ. आणि न्यूजर्सीचं नेवार्क ते मुंबई, साडेबारा हजार किलोमीटर, चौदा गाठी आणि वर अर्धी. पूर्ण दोरा बरोबर तेवढाच ठेवलेला, कारण आमच्या गावचं निम्मं नशीब तिथेच आहे. दोरा गोलावर ताणून धरला की म्हातारी आपल्या बोटांनी एकेक गाठ चाचपते, "एवढंच ना?" म्हणते आणि निवांत घरी जाते.

माझं बघून गावातल्या बायकांनी एक नवीनच रीत काढली. मुलगा विमानात बसला की घरी दोऱ्याला तेवढ्या गाठी मारायच्या आणि तासातासाला एक सोडायची. शेवटची सुटली की मुलगा उतरला. मग चहा ठेवायचा. देवळात जाऊन आलेल्या बायकाही पदराच्या टोकाला हा दोरा बांधून फिरतात. माझ्या धंद्याची देवपूजा झाली म्हणून मी मिशीला ताव देत होतो, खोटं कशाला बोलू.

आता चुनीलालची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिथून सुरू झालं.

चुनीलाल पलीकडच्या तालुक्यातले. अमेरिकेहून येताना विमानात त्यांच्या छातीत कळ आली. त्यांनी डोक्यावरची बेल दाबली, विमान वाटेतल्या एका बर्फाळ देशात उतरवलं गेलं, त्यांना दवाखान्यात नेलं. बावीस दिवसांनी चुनीलाल घरी आले. चालत आले, डोक्यावर केसाळ टोपी घालून. ही खरी गोष्ट. पहिल्यांदा मी ती अशीच सांगितली, तर दुकानातले लोक "चला, बरं झालं" म्हणाले आणि पुन्हा चहाकडे वळले. मला ते लागलं. गोष्ट सांगणाऱ्या माणसाला असं कुणी चहाकडे वळलेलं सहन होत नाही. पुढच्या खेपेला मी चुनीलालला पेटीतून आणलं. बावीस दिवस परक्या देशातल्या बर्फाच्या खोलीत, मुलाला तिकडचा व्हिसा मिळेना, ना गंगाजल ना तुळशीचं पान, घरच्यांनी पेटी उघडली तर तोंड ओळखू येईना. दुकान चिडीचूप झालं. कुणाच्या तरी कपातला चहा तसाच गार झाला. त्या दिवसापासून माझा चुनीलाल प्रत्येक वेळी पेटीतूनच आला.

रावजीकाकांनाही मी हीच गोष्ट सांगितली. रावजीकाका आणि कपिलाकाकी तेव्हा न्यूजर्सीला मुलाकडे, हर्षदकडे, राहत होते. तीन वर्षं झाली होती आणि काकांचा जीव तिकडे रमत नव्हता. डॉक्टरांनी हृदयाचं काहीतरी सांगितलं तेव्हा तर त्यांनी धोशाच लावला, मला गावी न्या. परतीची तिकिटं माझ्याकडूनच हवीत म्हणून त्यांनी तिकडून फोन केला.

"इंदु, खिडकीची जागा दे. आणि ती चाकांची खुर्ची नको हं, मी काय लुळा आहे?"

"काका, खुर्चीचं राहू द्या. तुम्ही फक्त एक करा. वाटेत छातीत कळ येवो नाहीतर पोटात मुरडा, त्या बेलला हात लावू नका. चुनीलालनं लावला."

"कोण चुनीलाल?"

एवढं विचारायचाच अवकाश. मी पेटी, बर्फ, तोंड, सगळं रंगवून सांगितलं. पलीकडे काका हसले. फोनचा आवाज मोठा ठेवला असावा, कारण मागून काकींचंही हसू ऐकू आलं. "ऐकलंस का गं?" काका त्यांना म्हणाले. "वाटेत मला काही झालं तर घरीच नेऊन टाक. इंदु सांगतोय." मीही हसलो. मागशर, म्हणजे मार्गशीर्ष, महिन्यातली तिकिटं काढून दिली.

काका घरी आले ते मुंबईहून गाडीत आडवे. विमान उतरता उतरता झोपेतच गेले, असं सगळ्यांना कळलं. मी स्मशानात गेलो, खांदा दिला. "नशीबवान माणूस," मी चार जणांना सांगितलं, "आपल्या मातीवर चाकं टेकली आणि मगच प्राण सोडला." त्या चार जणांनी ते आणखी चाळीस जणांना सांगितलं.

या गोष्टीला पावणेदोन वर्षं झाली. गेल्या भादरव्यात, श्राद्धाचे दिवस लागायच्या आदल्या आठवड्यात, भर दुपारी कपिलाकाकी दुकानात आल्या. ऊन असं की समोरच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. काकींच्या अंगावर मात्र तपकिरी लोकरी शाल होती.

"जय श्रीकृष्ण, काकी. या, बसा. या उन्हात शाल?"

"हात गार पडतो," त्या म्हणाल्या.

माझ्या टेबलासमोर दोन खुर्च्या असतात. एक खिडकीला लागून, एक दाराकडची. खिडकीची सोयीची, वारा येतो. मी तीच पुढे केली. काकी दाराकडच्या खुर्चीवर बसल्या, अंगावरची शाल काढली आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर नीट पसरली. वरचं टोक पाठीपर्यंत ओढून घेतलं, बाजूच्या कडा आत खोचल्या. लहान मुलाला पांघरूण घालावं तसं.

"तिथे बसा की."

"खिडकीकडे ते बसतात," काकी म्हणाल्या. अगदी सहज, भाजीचा भाव सांगावा तसं.

विधवा बाई, वय झालेलं. चहा सांगितला.

"चहा राहू दे, इंदुभाई. मला घड्याळाची एक वेळ काढून दे. गोर महाराजांनी पाठवलंय. ते म्हणतात, तिथी चुकली असेल."

जयशंकर गोर आमच्या गावचे उपाध्याय. काकांची तिथी त्यांनी मागशर वद छठ, म्हणजे वद्य षष्ठी, धरली होती, कारण विमान रात्री दहाला उतरलं आणि त्या दिवशी संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी पाचम संपून छठ लागली होती. वरसीला, पहिल्या वर्षश्राद्धाला, छठ धरून सगळं यथासांग केलं. छपरावर कावळ्यांसाठी कागवास ठेवला, दूधपाक, पुरी, काकांना आवडायची ती वालाची भाजी. कावळे आले, भिंतीवर बसले, बघत राहिले. दुपार टळली, संध्याकाळ झाली. वाटीवर मुंग्या चढल्या, पण चोच काही लागली नाही.

"हर्षद म्हणाला, कावळ्यांना भूक नसेल," काकी म्हणाल्या. "त्याला काय सांगू? ते उतरता उतरता गेले नव्हते, इंदुभाई."

त्यांनी पदराच्या टोकाची गाठ सोडली आणि एक पांढरा दोरा माझ्यासमोर टेबलावर ठेवला. मळका, ठिकठिकाणी सुरकुतलेला. गाठी सोडलेल्या जागी दोरा सुरकुततो तसा. आणि एका टोकाला चार गाठी अजून घट्ट.

"सवयीनं बरोबर घेतला होता. हर्षद जायचा तेव्हा मी घरी बसून गाठी सोडायचे, तशाच विमानात बसून सोडत होते. ते हसत होते मला. म्हणे, आपण स्वतः विमानात असताना कसल्या गाठी सोडतेस."

मी हात लावला नाही. पण डोळ्यांनी मोजल्या. चारच होत्या.

"आठवी सोडली तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. घाम फुटला होता. म्हणाले, कपिला, छातीवर कुणी बसलंय. मी वर हात केला, बेलकडे. त्यांनी माझा हात खाली ओढला. म्हणाले, नको. चुनीलालसारखं होईल. मला घरी ने."

माझ्या पाठीवरून घामाची एक धार थेट कमरेपर्यंत गेली. पंखा चालू होता.

"मी विचारलं, फार दुखतंय का? ते म्हणाले, किती गाठी उरल्या? मी म्हणाले, सहा आणि अर्धी. म्हणाले, मग काय, आलंच घर. आणि डोळे मिटले. खिडकीची झापड खाली होती, सगळे झोपले होते. मी त्यांचा हात धरून बसले. नववी सोडली तेव्हा त्यांनी बोट दाबलं. पाणी, म्हणाले. मी माझ्या बाटलीतलं दोन घोट पाजलं. दहावी सोडली आणि त्यांना सांगायला वळले, तर ऐकायला ते नव्हते."

बाहेर कुणीतरी सायकलवरून गेलं. काकी शेजारच्या खुर्चीवरची शाल जरा वर ओढत होत्या, घसरली होती म्हणून. मी बघितलं, ती घसरली नव्हती.

"मग पुढे?" मी कसंबसं विचारलं.

"पुढे काय? घरी न्यायचं होतं. गळ्यापर्यंत हीच शाल पांघरली. ती विमानातली पोरगी जेवण घेऊन आली, म्हणाली, यांना उठवायचं का? मी म्हणाले, झोपू दे, माझ्याकडे ठेव. दोन ताटं झाली. ताट तसंच परत गेलं तर ती विचारेल, म्हणून मी त्यांच्या ताटातलं दही खाल्लं. आंबट नव्हतं. चांगलं होतं. ते मला विसरता येत नाही, इंदुभाई, की चांगलं होतं. साडेचार तास मी त्यांचा हात धरून बसले. आधी गरम होता, मग माझ्या हातासारखा झाला, मग खुर्चीच्या दांड्यासारखा. उतरल्यावर सगळे गेले, मग मी त्या पोरीला सांगितलं, उठत नाहीत. डॉक्टर आला, त्यानं हात उचलून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं. पण त्यानं उतरायचीच वेळ लिहिली."

मला त्या बाईचे पाय धरावेसे वाटत होते, आणि तिथून पळूनही जावंसं वाटत होतं. दोन्हीतलं काही केलं नाही. माझा धंदा केला. कागद घेतला, विमान सुटल्याची वेळ आपल्या घड्याळात मांडली. सकाळी साडेसात. त्यात दहा गाठी.

"साडेपाच," मी म्हणालो. "संध्याकाळचे साडेपाच. म्हणजे सात-दहाच्या आधी. पाचम होती, काकी. छठ नाही. गोर महाराजांना सांगा, पाचम धरा."

"पाचम," काकींनी मान हलवली. तोंडातल्या तोंडात दोनदा म्हटलं. मला वाटलं, सुटलो. पण त्या उठल्या नाहीत. त्यांनी गोलाकडे बोट केलं.

"आता एक सांग. आठव्या गाठीला विमान कुठे होतं?"

"कशाला ते, काकी? झालं गेलं."

"लाव दोरा."

मी लाल दोरा सोडला. एक टोक नेवार्कवर अंगठ्याने दाबलं, वरून समुद्र, बर्फ ओलांडत मुंबईपर्यंत ताणला. दोनदा सुटला. आठवी गाठ जिथे आली तिथून जरा पुढे एक मोठा काळा ठिपका होता. मोठं शहर. राजधानी. मी तिथली तिकिटं विकली आहेत, तिथलं विमानतळ केवढं मोठं आहे हे मला ठाऊक. गाठीपासून ठिपक्यापर्यंत बोटाचं एक पेर. पाऊण तास.

"बेल दाबली असती," काकी म्हणाल्या, "तर सगळ्यात जवळ कुठे उतरवलं असतं? किती लांब?"

मी गोल जरा फिरवला. ठिपका माझ्या अंगठ्याखाली घेतला.

"तीन तास," मी म्हणालो. "निदान तीन. अहो खाली काय आहे तिथे? नुसतं बर्फ आणि जंगल. एवढं मोठं विमान उतरवायचं म्हणजे गंमत आहे का? काही उपयोग झाला नसता, काकी. दोन गाठींत तर ते गेले. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

मी हे त्यांच्या बऱ्यासाठी म्हणालो. पन्नास वेळा मी स्वतःला हे सांगितलं आहे. पण शप्पथ घ्यायची वेळ आली तर सांगेन, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे काकी नव्हत्या. मी माझी कातडी वाचवत होतो.

काकी म्हणाल्या, "वैशाखात माझ्या भाचीचं लग्न होतं, पलीकडच्या तालुक्यात. पंगतीत माझ्यासमोर एक म्हातारा बसला होता. यजमान आग्रह करत होते, घ्या चुनीकाका, घ्या. तीन लाडू खाल्ले त्यानं. मी विचारलं, तुम्हीच का ते, विमानातले? तर खुलला. बाई, म्हणाला, देवमाणसं ती. अर्ध्या तासात खाली उतरवलं. बावीस दिवस पोटच्या पोरासारखं सांभाळलं. निघताना नर्सनं टोपी दिली. त्यानं पिशवीतून काढून दाखवली मला. केसाळ आहे. अजून घालतो थंडीत."

मला तोंड वर करता येईना. टेबलावरच्या काचेखाली विमान कंपनीचं कॅलेंडर होतं, त्यावरचे आकडे मी वाचत बसलो.

"मी तिथे पंगतीतच विचारलं असतं त्याला, बाबा, तू तर पेटीत होतास," काकी म्हणाल्या. त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. "पण लग्नाचं घर होतं."

"काकी, मी... लोकांना बरं वाटावं म्हणून... गोष्ट जरा..."

"गोष्ट छान होती," काकी म्हणाल्या. "ते पुष्कळ हसले होते. हर्षदच्या मित्रांनाही सांगत होते, आमचा इंदु असा गोष्टी सांगतो म्हणून." मग त्यांनी हात पुढे केला आणि माझा अंगठा गोलावरून अलगद बाजूला केला. खालचा ठिपका दिसला. "आता खरं सांग. किती लांब?"

"पाऊण तास."

"दोऱ्यानं दाखव."

मी दोऱ्याचं मुंबईकडचं टोक उचललं, आठव्या गाठीच्या जागेवर ठेवलं, तिथून ठिपक्यापर्यंत ताणलं आणि नख लावून धरलं. काकी वाकून बघत होत्या. म्हाताऱ्या बायका बघतात तसंच, डोळे बारीक करून. आणि त्यांच्यासारखंच म्हणाल्या, "एवढंच ना?"

टेबलावर तिकिटाची पाकिटं कापायची कात्री होती. त्यांनी ती घेतली आणि माझ्या नखाशी दोरा कापला. पेरभर लाल तुकडा, चौदावी गाठ त्यातच गेली. तो त्यांनी आपल्या उजव्या हाताच्या बोटावर ठेवून पाहिला, बोटाच्या एका पेरावर बरोबर बसला. मग पदराच्या टोकात बांधला, त्या चार गाठींच्या दोऱ्याबरोबर.

"यांना सांगते," त्या म्हणाल्या, आणि शेजारच्या खुर्चीवरची शाल उचलली. मी मुद्दाम दुसरीकडे बघत होतो. तरीही त्या खुर्चीचा वेत करकरला, माणूस उठल्यावर करकरतो तसा. पायरी उतरताना काकींनी डावीकडे जागा सोडली आणि डावा हात जरा बाहेर धरला.

पाचमेला त्यांनी मला जेवायला बोलावलं. नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? गेलो. आधी छपरावर गेलो, गोर महाराज, काकी आणि मी. कागवास मांडला. काकींनी पदरातला पांढरा दोरा काढला आणि उरलेल्या चार गाठी एकेक करून सोडल्या. दोन वर्षं आवळलेल्या गाठी, नखांनी सुटेनात. गोर महाराज मदतीला पुढे झाले तर म्हणाल्या, नको, मलाच. शेवटची सुटली तेव्हा त्यांनी तो सरळ झालेला दोरा वाटीशेजारी ठेवला आणि म्हणाल्या, "उतरा आता. घर आलं."

आम्ही जिन्याशी पोचायच्या आत कावळा आला. एकच, मोठा. पुरी उचलली आणि गेला. काकी रडल्या नाहीत. त्यांनी शाल काढून खांद्यावर टाकली आणि पहिल्यांदाच दोन्ही हात मोकळे सोडले. मला वाटतं त्या दिवसापासून त्यांचा हात गार पडत नाही. निदान शाल मी पुन्हा पाहिली नाही.

खाली पंगतीत मला खिडकीजवळचा पाट दिला. ताटात दूधपाक, पुरी, वालाची भाजी, सगळ्यांना होतं तेच. फक्त माझ्या ताटात एक छोटी वाटी जास्त होती. दह्याची.

"काकी, दही?"

"खा, इंदुभाई," काकी म्हणाल्या. "आंबट नाहीये."

सगळे आपापल्या ताटात होते. मी दही खाल्लं. चांगलं होतं.

आता दुकानात कुणी चुनीलालची गोष्ट काढली तर मी खरी सांगतो, टोपीसकट. लोक "चला, बरं झालं" म्हणतात आणि चहाकडे वळतात. मी गोल पुसत बसतो.

दोरा मी बदललेला नाही. बायको म्हणते, दोन पैशांचा दोरा, नवा घ्या. घेता येत नाही. म्हाताऱ्या येतात, किती लांब विचारतात, मी नेवार्कवर अंगठा दाबून दोरा ताणतो. आइसलंड येतं, आठवी गाठ येते, तिथे माझा हात जरा थांबतो, पुढे तेरावी येते आणि मग दोरा संपतो. मुंबई पेरभर पुढे राहते. म्हातारी डोळे बारीक करून बघते आणि विचारते, "इंदुभाई, हा पोचत नाही का हो?"

"नाही," मी म्हणतो. "पोचत नाही."